‘खो’ मिळेपर्यंत बसायचं: उडाणटप्पू कुत्र्याला घरच्या घरी ॲजिलिटी शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी साडेसहाच्या सुमारास कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात मी आणि माझी कुत्री भिंगरी चार कुंड्या, दोन काठ्या आणि एक जुना पाट मांडून खेळत असतो. दूध आणायला निघालेले लोक थांबतात. पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर्कशीत घालताय का?’ दुसरा जरा आवाज खाली आणून येतो: ‘आमचा घरात नुसता धुडगूस घालतो हो, त्याला येईल का हे?’ या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं देता देता जे साठलं ते इथे लिहिलं आहे. मी व्यावसायिक ट्रेनर नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एका महाउपद्व्यापी गावठी कुत्रीला वाढवलेली बाई आहे, आणि बऱ्याच गोष्टी चुकून मग शिकले आहे.

ॲजिलिटी म्हणजे नक्की काय?

कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये मधल्या वेळात प्रेक्षकांची करमणूक म्हणून ती पहिल्यांदा दाखवली गेली. कल्पना घोड्यांच्या शो जंपिंगवरून घेतलेली. आज त्यात उडीचे बार, टनेल, दोन उतरत्या फळ्यांची ए-फ्रेम, उंचावरचा अरुंद डॉग वॉक, सीसॉ आणि १२ काठ्यांमधून नागमोडी पळायचे वीव्ह पोल असतात.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. अडथळ्यांचा क्रम दर वेळी बदलतो आणि तो कुत्र्याला माहीत नसतो. माणसाला आधी काही मिनिटं मैदानात फिरून तो पाठ करता येतो, कुत्र्याला नाही. पळताना कुत्र्याला हात लावायचा नाही, हातात खाऊ नाही, खेळणं नाही. म्हणजे पुढे कुठे जायचं हे त्याला तुमच्या खांद्यांकडे, पायांकडे बघून आणि तुमचा आवाज ऐकूनच कळणार. उडी कुठल्याही कुत्र्याला मारता येते. ऐन उड्या मारताना तुमच्याकडे बघता येणं, हा खरा खेळ.

आमचा आधीच इतका चेकाळलेला असतो. हे शिकवून आणखी चेकाळणार नाही का?

सुरुवात उड्यांपासून केलीत तर चेकाळेल, आणि चांगलाच. मी तेच केलं होतं. भिंगरी नऊ महिन्यांची असताना मी दोन स्टुलांवर केरसुणीची काठी ठेवली, पलीकडे चिकनचा तुकडा धरला आणि ‘उडी!’ म्हणून ओरडले. दहा मिनिटांत ती काठी, स्टूल, सोफा आणि आमचे सासरे या सगळ्यांवरून उड्या मारू लागली. पुढचे पंधरा दिवस कुणी केरसुणी उचलली की हिची आरडाओरड सुरू.

आता मी सगळ्यांना खो-खो आठवायला सांगते. खो-खोत पाटीवर बसलेला खेळाडू अंगात कितीही सुरसुरी आली तरी खो मिळाल्याशिवाय उठत नाही. उठला की फाऊल. पण तो झोपलेला नसतो, स्प्रिंगसारखा दबून बसलेला असतो. आपल्याला कुत्रा तसा हवा आहे. त्याचा उत्साह मारायचा नाही, त्याला फक्त खोची वाट बघायला शिकवायचं. म्हणून आमच्या घरात सुटायचा शब्दच ‘खो’ आहे. ‘चल’ किंवा ‘हो’ हे शब्द घेऊ नका, ते आपण दिवसभर फोनवर बोलत असतो आणि कुत्रा प्रत्येक वेळी उठतो.

शिकवायचं असं. बसायला सांगा. बसला की एक सेकंद थांबून तोंडात खाऊ द्या, मग ‘खो’ म्हणा आणि बाजूला उडी मारून त्याला उठवा. दुसऱ्यांदा दोन सेकंद. मग तुम्ही एक पाऊल मागे. मग पाठ फिरवून. मग जेवणाचं भांडं खाली ठेवताना. मग दार उघडताना. खोच्या आधी उठला तर रागवायचं काही कारण नाही: भांडं परत वर जातं, दार परत बंद होतं, आपण मुकाट्याने पहिल्यापासून सुरू करतो. लागोपाठ दोनदा उठला तर समजा की तुम्ही फार लवकर फार जास्त मागितलंत. तिसऱ्या वेळी सोपं करा.

यात तीन आठवडे जातात. लोक तीन दिवसांत कंटाळतात आणि उडीच्या बारसाठी पाइप आणायला जातात.

आधी टेकडीवर पळवून दमवून आणला तर शांतपणे शिकेल ना?

हा सल्ला प्रत्येक जण देतो. मलाही दिला होता, आणि मी महिनाभर तिला रोज वेताळ टेकडी चढवली. महिन्याअखेर माझ्या हाती आली पूर्वीपेक्षा दुप्पट दमसास असलेली कुत्री. रोज पळवलं की कुत्रा फिट होतो, शांत होत नाही.

तरुण कुत्र्याचा धुडगूस पुष्कळदा अपुऱ्या झोपेचा असतो. पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपतात, मोठ्या कुत्र्यालाही १२ ते १४ तास लागतात. आपल्याकडे बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, मुलं क्लासला जातात-येतात. त्या बिचाऱ्याला दुपारी सलग दोन तास मिळत नाहीत. पेंगुळलेलं लहान मूल जसं किरकिर न करता उलट जास्तच नाचतं, तसं हे असतं. दुपारी एक खोली, पडदे ओढलेले, पंखा सुरू, कुणीही आत यायचं नाही. आमच्याकडे एवढ्या एका गोष्टीने संध्याकाळचा निम्मा गोंधळ कमी झाला.

तीच गोष्ट बॉलची. शंभर वेळा बॉल फेकणं म्हणजे शंभर वेळा तोल टाकून थांबणं आणि वळणं. सांध्यांवर ताण येतो आणि डोकं तापतं ते वेगळंच. त्यापेक्षा गवतात मूठभर फुटाणे विखरा आणि शोधू द्या. दहा मिनिटं नाकाने काम केलेला कुत्रा अर्धा तास पळालेल्यापेक्षा लवकर आडवा होतो.

कितव्या महिन्यापासून उड्या घेतलेल्या चालतात?

शिकवायला दोन-अडीच महिन्यांपासून हरकत नाही, उड्या मात्र उशिरा. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. तो पक्का व्हायच्या आधी सारखे दणके बसले तर हाड वाकडं वाढू शकतं. लहान चणीच्या कुत्र्यांत तो साधारण ८ ते १२ महिन्यांत मिटतो. लॅब, जर्मन शेफर्ड यांसारख्यांत १४ ते १८ महिने किंवा अधिकही लागतात. तोवर बार जमिनीवर. अगदीच उचलला तर कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या मनगटाएवढा, म्हणजे त्याने उडी न मारता पाय उचलून ओलांडावा इतकाच. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांतही १८ महिन्यांखालच्या कुत्र्याला ॲजिलिटी स्पर्धेत उतरता येत नाही.

पूर्ण उंची सुरू करण्याआधी पशुवैद्यांकडून खुब्याचे आणि कोपराचे सांधे तपासून घ्या, लॅबच्या बाबतीत तर नक्कीच. आणि वजन बघा. पुण्यातले निम्मे लॅब मला लॅब कमी आणि सोफा जास्त वाटतात.

फ्लॅटमध्ये जागाच नाही. कुठे करायचं?

सुरुवातीचं जवळजवळ सगळं काम सहा बाय आठच्या सतरंजीवर होतं. सतरंजीवर म्हणतेय, फरशीवर नाही. गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याला पाय रोवता येत नाहीत. त्या केरसुणीच्या उद्योगात दुसऱ्या दिवशी भिंगरी टाइल्सवर उतरताना मागचा पाय फाकून घसरली. किंचाळली, आणि पुढे दहा दिवस लंगडत होती. स्नायू ताणला होता, हाड वाचलं. चूक सर्वस्वी माझी होती.

सतरंजीही सरकते, म्हणून खाली रबरी जाळी किंवा जुना योगा मॅट टाका. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर वाढली आहेत, कापा. पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केसही कातरा, त्यावरून मोजे घातल्यासारखं घसरायला होतं.

बाहेर जायचं तर माती किंवा गवत सगळ्यात बरं. पार्किंगच्या काँक्रीटवर चालणं-वळणं ठीक, उडी नको. गच्चीवर कठडा किती उंच आहे ते आधी बघा आणि पट्टा काढूच नका.

सामान काय लागेल? खर्च किती?

पहिल्या दोन महिन्यांत खर्च जवळपास शून्य.

पाट: जेवायला बसायचा, माळ्यावर पडलेला. यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. खाली घसरू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोका.

कुंडी: तिला वळसा घालून परत यायला शिकवायचं, डावीकडून आणि उजवीकडून. पुढे प्रत्येक उडीचं वळण यातूनच निघतं.

शिडी: लाकडी किंवा ॲल्युमिनियमची, जमिनीवर आडवी. पायऱ्यांच्या मधल्या चौकोनांत पाय टाकत सावकाश चालवा. बहुतेक कुत्र्यांना आपल्याला मागेही दोन पाय आहेत याचा पत्ताच नसतो. शिडीवरून चालताना पहिल्यांदा मागचा पाय पायरीला अडतो, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

नंतर बार हवाच असेल तर प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप, दोन एल्बो, दोन टी. रविवार पेठेत बोहरी आळीत सगळं मिळतं आणि पाइप कापूनही देतात. एकच अट: बार अडकवायचा नाही, नुसता टेकवायचा. पाय लागला की तो खाली पडलाच पाहिजे. घट्ट बसवलेला बार म्हणजे कुत्र्याला आडवा पाडायचा सापळा.

पहिल्या दिवशी नक्की काय करायचं?

पाट जमिनीवर ठेवा आणि गप्प बसा. खरंच गप्प. हाताने दाखवायचं नाही, खाऊने ओढायचं नाही, ढकलायचं तर अजिबात नाही.

भिंगरीने पहिल्या दिवशी पाट हुंगला, चाटला, पंजाने ओढला, माझ्याकडे बघून भुंकली आणि एकदा कडेला दात लावून पाहिला. मग माझ्या हाताकडे झेपावताना तिचा पुढचा उजवा पाय चुकून पाटावर पडला. त्याच क्षणी मी जिभेने ‘टक्’ केलं आणि खाऊ पाटावरच ठेवला. तिने खाल्ला आणि खाली उतरली. परत भुंकणं, परत गोल चक्कर. पाचव्या-सहाव्या खेपेला ती थांबली. मान तिरकी करून एकदा पाटाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मुद्दाम, अगदी सावकाश, पाय उचलून पाटावर ठेवला. टक्. त्यानंतर तिला आवरणं कठीण झालं, पण आता ती माझ्या अंगावर न येता पाटावर जात होती. तीन मिनिटं झाली होती. मी तिथेच थांबवलं.

हेच महत्त्वाचं: दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. जमतंय तोवरच थांबायचं. ‘अजून एकदा’ म्हणून पुढे गेलात की दमलेला कुत्रा चुकतो आणि शेवट चुकीवर होतो. चारही पाय पाटावर, मग पाटावर बसणं, मग तुम्ही दूर असताना धावत पाटावर जाऊन खोची वाट बघणं, हे सगळं पुढच्या दिवसांत. स्पर्धेत ए-फ्रेम, डॉग वॉक आणि सीसॉच्या टोकाला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो आणि उतरताना त्याला पाय लागावाच लागतो. पाट समजलेल्या कुत्र्याला ते शिकवायला फार कष्ट पडत नाहीत.

क्लिकर विकत घ्यावा का?

क्लिकर म्हणजे दाबल्यावर ‘टक्’ वाजणारी छोटी डबी. घ्या किंवा घेऊ नका. आवाज छोटा, नेहमी तसाच आणि ऐन क्षणी आला पाहिजे, एवढंच. आवाज झाला की खाऊ मिळालाच पाहिजे, चुकून झाला तरी.

खाऊ काय द्यायचा?

बिनमिठाचं उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं रताळं, घरी वाळवलेली कलेजी थोडी. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. कुत्रा तुकडे मोजतो, ग्रॅम नाही. दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांवर खाऊ जाऊ देऊ नका आणि तेवढं जेवण कमी करा. द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण वर्ज्य. म्हणजेच बाकरवडी, फरसाण, आजोबांच्या ताटातली भाजी हेही नाही. झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगगम तर विषच.

खूप चेकाळणाऱ्या कुत्र्याला प्रत्येक वेळी चिकन दाखवू नका. भिंगरी चिकन बघून शिकायचं सोडून नुसती थरथरते. तिच्यासाठी रोजचं कोरडं खाणंच पुरतं.

मराठीत शिकवलं तर चालेल का? घरात आजी ‘बस’ म्हणतात आणि मुलगा ‘सिट’.

कुत्र्याला भाषा नाही, आवाज कळतो. ‘बस’ची अडचण अशी की तोच शब्द आपण ‘पुरे’ म्हणूनही वापरतो आणि रस्त्यावरच्या बससाठीही. आम्ही फ्रिजवर कागद लावला आहे: खाली, पाट, खो, फिर, उडी, बोगदा. सहा शब्द, सगळ्यांनी तेच म्हणायचे आणि एकदाच म्हणायचे. ‘खाली, खाली, अगं खाली बस ना बाई’ हे कुत्र्याला आकाशवाणीच्या बातम्यांसारखं ऐकू येतं.

आणि शब्दापेक्षा अंग जास्त बोलतं. तुमचं नाक, छाती आणि पायाची बोटं जिकडे, तिकडे कुत्रा जातो. बोलताना ‘डावीकडे’ आणि अंग उजवीकडे असेल तर तो उजवीकडेच जाणार, आणि बरोबरही तोच असतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून पाहा. दहातल्या नऊ चुका माणसाच्या निघतात.

सराव करताना अंगावर उड्या मारतो, पँट पकडतो. काय करावं?

बहुधा त्याला पुढे काय करायचं ते कळलेलं नसतं. तुम्ही पळता, अचानक थांबता, ‘अरे नाही नाही’ म्हणता आणि त्या रिकाम्या सेकंदात सगळा उत्साह तुमच्या पायजम्यावर निघतो. आधी स्वतःचा क्रम कुत्र्याशिवाय दोनदा चालून पाठ करा.

चढत चाललाय हे आधीच ओळखता येतं: डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, खाऊ घेताना दात लागायला लागतात, भुंकण्याचा आवाज चिरका होतो, कळलेली गोष्टही चुकायला लागते. दात लागला की मी सत्र संपवते. जमिनीवर चार दाणे विखरते, नाक खाली जातं, श्वास उतरतो. ओरडून काही उपयोग नसतो. त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय.

टनेल, वीव्ह पोल आणि सीसॉ घरी करता येतात का?

टनेल सहज होतो. मुलांचा कापडी बोगदा किंवा फ्रिजचं दोन्ही बाजूंनी उघडलेलं खोकं. दोन्हीकडे विटा किंवा पाण्याच्या बाटल्या लावा, टनेल हलला की कुत्रा घाबरतो.

सीसॉची भीती उंचीपेक्षा आवाजाची आणि हलण्याची असते. एका रुंद फळीखाली गुंडाळलेली गोधडी ठेवा म्हणजे ती जेमतेम दोन इंच कलेल, आणि कुत्र्यालाच ती ‘धप्’ करून खाऊ मिळवू द्या. मोठा सीसॉ घरी बनवू नका.

वीव्ह पोल सगळ्यात शेवटी. खो-खोत पळती करणारा बसलेल्यांच्या मधून साखळी घेत जातो, तेच हे, फक्त काठ्या १२ आणि दोन काठ्यांत ६० सेंमी अंतर. पहिली काठी नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला यायला हवी. पाठीचा कणा सारखा वळत असल्यामुळे वाढ पूर्ण होईपर्यंत पूर्ण रांग नको. दोन काठ्या रोवून वेगवेगळ्या कोनांतून बरोबर आत शिरायला शिकवा.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात?

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर बंद. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांना. बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. हाताची उलटी बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद ठेवून पाहा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही नाही. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, चाल डगमगली तर आधी गार पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि मग दवाखाना गाठा. गार करत करत न्या. पग आणि बुलडॉग वाल्यांनी तर उन्हाळ्यात खेळाचं नावच काढू नये.

पावसाळ्यात ओल्या गवतात बार आणि वळणं नको. रोज घरी आल्यावर कानांमागे, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचीड तपासा. गोचीडतापाने आमच्या गल्लीतले धट्टेकट्टे कुत्रे आठवड्यात झोपलेले मी पाहिलेत. साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची लस वेळेवर द्या.

तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर मोकळा सोडून सराव केला तर?

नका. तिथे मोर आहेत, पहाटे फिरणारे म्हातारे लोक आहेत, आणि टेकडीवरच्या कुत्र्यांच्या टोळीला तुमच्या पाटाचं कौतुक नाही. आठ-दहा मीटरचा लांब पट्टा बांधा, तोही हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, गळ्याला नाही.

गावठी कुत्र्याला जमतं? का बॉर्डर कोलीच हवा?

जमतं, आणि छान जमतं. आपला गावठी हलका, काटक, उन्हाला सरावलेला आणि जमिनीवर घट्ट पाय असलेला असतो. फक्त तो तुमच्या सांगण्याचा आधी विचार करतो. लॅब एका दाण्यासाठी पन्नास वेळा तेच करेल. भिंगरी चौथ्या वेळी ‘आत्ता तर केलं’ असा चेहरा करते. म्हणून तिच्याशी सत्र छोटं आणि दर वेळी काहीतरी वेगळं. मुधोळ, म्हणजेच कारवान, हे नजरेने शिकार करणारे हाउंड. वेग अफाट, पण समोरून मांजर गेली की तुम्ही नाहीसेच. त्यांना कुंपण असलेलीच जागा हवी.

लेझरचा लाल ठिपका पळवून व्यायाम दिला तर?

कृपया नको. तो ठिपका कधी हाती लागत नाही, आणि काही कुत्रे पुढे सावल्या, घड्याळाच्या काचेची तिरीप यांच्या मागे वेड्यासारखे लागतात.

खालचे लोक आवाजाची तक्रार करतात.

बरोबरच करतात. दुपारी एक ते चार काही करू नका, ही वेळ पुण्यात नव्याने सांगायची नसते. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा कागद जवळ ठेवा, शी उचला. आमच्या खालच्या काकूंना मी एकदा वर बोलावून पाटाचा खेळ दाखवला. आता त्याच जिन्यात भेटल्यावर भिंगरीला ‘खाली’ म्हणतात, ती बसते, आणि त्या ‘खो’ म्हणायला विसरून निघून जातात. मग मला चपला घालून दोन मजले खाली जावं लागतं.